ओटा राखून ठेवा

(उपकारस्तुतीच्या रविवारी, आराधनेनंतर मंडळीपुढे केलेलं भाषण. जागेअभावी थोडं आटोपशीर करून देत आहोत. – संपादक)



दरवर्षी या रविवारी मी पाड्यांवरच्या कामाचा अहवाल आपल्यापुढे ठेवते. यंदाचा अहवाल छापून आपल्या हातात दिलेला आहे, तो घरी नेऊन निवांत वाचा. आज मी एकाच गोष्टीविषयी बोलणार आहे. ती गोष्ट म्हणजे ओटा. घरापुढचा, मातीचा, शेणानं सारवलेला ओटा. हसू नका. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर इतकी वर्षं फिरल्यावर मी या मताला आले आहे, की ओट्याचा प्रश्न हा सेवेचाच प्रश्न आहे.

आपल्याला ठाऊक आहे, की मुलींसाठी नवं वसतिगृह बांधायचं ठरलं आहे. आपण दानार्पणं दिली, कुणी सोन्याची बांगडीसुद्धा दिली. नकाशा समितीपुढे आहे. तो मंजूर होण्याआधी मला आपल्यापुढे एक कबुली द्यायची आहे.

दहा वर्षांपूर्वी आपण मुलांचं वसतिगृह बांधलं. त्या समितीत मी होते, त्या नकाशावर माझीही सही आहे. आपण चांगल्या मनानं बांधलं. आदिवासी मुलांना शहरातल्या मुलांसारखं मिळावं, कशात कमी पडू नये, अशी भावना होती. म्हणून सिमेंटची दुमजली इमारत, लांब बोळ, बोळाच्या दोन्ही बाजूंना खोल्या, खाली पांढरी फरशी, भोवती उंच भिंत आणि लोखंडी फाटक. उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांनी फोटो काढले. मीही काढले.

त्याच पावसाळ्यात एक बाप मुलाला भेटायला आला. तीन तास चालून आला होता. खांद्यावर नागलीची पिशवी होती. मी ऑफिसातून पाहिलं, तर हा माणूस फाटकाबाहेर करंजाच्या झाडाखाली पावसात उकिडवा बसलेला. मी धावत गेले आणि म्हटलं, "बाबा, आत या ना, भिजताय कशाला?" तो म्हणाला, "नको ताई, पाय चिखलाचे हायेत."

मी पुष्कळ आग्रह केला. तो उठला नाही. मुलगा फाटकापाशी आला, गजांतून पिशवी घेतली, दोघं थोडं बोलले, आणि बाप निघून गेला. फाटक उघडंच होतं, तरी दोघं गजांच्या दोन बाजूंना उभे राहिले.

त्या माणसाला कुणी अडवलं नव्हतं. रखवालदारसुद्धा गोड बोलणारा होता. पण त्या पांढऱ्या फरशीनं त्याला न बोलता सांगितलं होतं, की हे घर तुझं नाही. इमारत बोलते, बंधुभगिनींनो. आपण फाटकावर "सुस्वागतम" लिहितो, आणि फरशी काही वेगळंच सांगत असते.

पुढच्या जूनमध्ये काही मुलं परत आली नाहीत. ती इमारतीमुळेच आली नाहीत असं मी म्हणणार नाही. घरची आठवण असते, भाषेची अडचण असते, लावणीची कामं असतात. पण ज्या घरात आपल्या बापाला बसायला जागा नाही, त्या घरात दहा वर्षांचा मुलगा किती दिवस रमेल?

आता ही मुलं ज्या घरांतून येतात, ती घरं कशी असतात ते सांगते. वारली घर लाकडाच्या खांबांवर उभं असतं. भिंती कुडाच्या. कुड म्हणजे कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीनं लिंपायच्या. ही कारवी सह्याद्रीच्या उतारावर रानात वाढते, सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. भिंतीच्या बारीक फटींतून वारा खेळतो, म्हणून वैशाखातही आत गारवा असतो. छप्पर गवताचं किंवा कौलाचं, आणि ते भिंतीच्या पुष्कळ पुढे येतं, कारण तिकडचा पाऊस सरळ पडत नाही, आडवा मारतो. त्या पुढे आलेल्या छपराखाली पडवी किंवा ओटा.

त्या ओट्यावर काय होत नाही? म्हातारी नात सांभाळते, बायका तांदूळ निवडतात, कुणी टोपली विणतो, पाहुणा आला तर आधी तिथंच टेकतो. त्याला पाणी मिळतं, मग काय काम आहे ते विचारलं जातं. भांडण झालं तर दोन्हीकडची माणसं ओट्यावर बसवून मिटवतात. वाटेनं जाणारा माणूस थांबतो, दोन शब्द बोलतो, पुढे जातो. कुणाच्या घरी ताप आहे, कुणाचा दाणा संपला आहे, हे सगळं ओट्यावर कळतं. आमच्या आरोग्यसेविकेला आजारी मूल सापडतं ते नोंदवहीत नाही, ओट्यावर सापडतं.

मात्र मला या घरांचं भाबडं कौतुक करायचं नाही. मी त्यांत मुक्काम केले आहेत. चुलीच्या धुरानं बायकांचे डोळे जातात. कुडात विंचू निघतो, कधी साप निघतो. दरवर्षी लिंपावं लागतं, गवत बदलावं लागतं, आणि रानातून कारवी आणणं आता पूर्वीसारखं सोपं राहिलेलं नाही. आपल्या आदिवासी भावंडांना पक्कं घर हवं आहे. तो त्यांचा हक्क आहे. आपण सिमेंटच्या घरात राहायचं आणि त्यांनी मात्र चित्रातल्यासारखं कुडाच्या घरात राहावं, असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? प्रश्न पक्क्या-कच्च्याचा नाहीच. पक्कं बांधताना आपण काय गमावतो, हा प्रश्न आहे.

सरकारच्या योजनेतून आज पाड्यापाड्यावर घरकुलं होत आहेत, ही आनंदाची बाब आहे. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरासाठी निदान 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट, जागा ठरलेली आहे. सपाटीवर एक लाख वीस हजार आणि डोंगराळ भागात एक लाख तीस हजार रुपये मिळतात. कातकरी, कोलाम, माडिया गोंड यांच्यासाठी 2023 साली सुरू झालेल्या जनमन योजनेत दोन लाख मिळतात. एवढ्या पैशात माणसं चार भिंती उभ्या करतात आणि पैसे संपतात. ओटा राहून जातो.

एका पाड्यावर एक आजी आहे. तिचं घरकुल झालं म्हणून मी पेढे घेऊन गेले. नव्या घराला कुलूप होतं. आजी मागे जुन्या घरात चुलीपाशी बसलेली. मी विचारलं, "आजी, नवं घर आवडलं नाही का?" ती म्हणाली, "चांगलं हाय की. भात ठेवलाय त्यात, उंदीर जात नाय." मग थोडं थांबून म्हणाली, "पण बाय, तिथं बसू कुठं? दार उघडलं की घर संपतं. पावणा आला तर त्याला दारात उभा करू का?"

दार उघडलं की घर संपतं. घर कसं बांधावं यावर इतकं नेमकं बोललेलं मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही. आजीच्या मते घर दारापाशी सुरू होत नाही. ते वाटेपाशी सुरू होतं. वाट, मग अंगण, मग ओटा, मग दार. माणूस एकेक पायरी आत येतो, आणि प्रत्येक पायरीवर त्याला बसायला जागा असते. परका हळूहळू आपला होतो. मधल्या दोन पायऱ्या काढून टाकल्या, तर उरतं काय? आत असलेला आणि बाहेर असलेला. मध्ये फक्त दार.

आता कुणी म्हणेल, ताई, हे बांधकामाचं बोलणं उपकारस्तुतीच्या दिवशी कशाला? म्हणून आपण पवित्र शास्त्राकडे वळू. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवं घर बांधणाऱ्यासाठी एक नियम आहे: धाब्याला कठडा कर, म्हणजे कुणी वरून पडून तुझ्या घराला रक्तदोष लागणार नाही. पुष्कळ वर्षं मी हा नियम सुरक्षिततेचा म्हणून वाचला. पण नीट पाहा. कुणीतरी तुझ्या घराच्या धाब्यावर येणारच, हे त्या नियमानं गृहीत धरलं आहे. देव असं सांगत नाही, की लोकांना वर येऊ देऊ नकोस. तो सांगतो, ते येतील, तेव्हा त्यांची सोय करून ठेव. घर आपलं, पण त्याचा हिशेब शेजाऱ्याला धरून.

शूनेमची ती बाई आठवते ना? दुसऱ्या राजांच्या चौथ्या अध्यायातली. अलीशा येता-जाता तिच्याकडे जेवायला थांबायचा. ती नवऱ्याला म्हणाली, आपण माडीवर त्याच्यासाठी एक लहानशी खोली करू. तिनं त्यात ठेवलं काय? पलंग, मेज, बैठक आणि दिवा. चारच वस्तू. तिनं आधी पाहुणा पाहिला, त्याला काय लागतं ते पाहिलं, आणि मग बांधलं. आपण दहा वर्षांपूर्वी आधी बांधलं, आणि पाहुणा पावसात बसल्यावर त्याच्याकडे पाहिलं.

आपल्याच मिशनांच्या इतिहासात हे ओळखणारी माणसं झाली आहेत. लॉरी बेकर हे नाव काहींनी ऐकलं असेल. 1917 साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला जन्मलेले, क्वेकर पंथाचे, शिक्षणानं वास्तुशिल्पी. दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये रुग्णसेवा करून परतताना जहाजाची वाट पाहत ते मुंबईत अडकले आणि तिथं त्यांची गांधीजींशी भेट झाली. त्यांच्या पायात कापडाच्या तुकड्यांचे हातानं केलेले बूट होते, त्यांवर गांधीजींची नजर गेली आणि बोलणं सुरू झालं. बेकर पुढे सांगत, की घराला लागणारं सामान पाच मैलांच्या आत मिळणारं असावं, हा गांधीजींचा विचार त्यांच्या मनात कायमचा राहिला.

1945 साली ते कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या मिशनचे वास्तुशिल्पी म्हणून भारतात आले. 1948 साली डॉक्टर एलिझाबेथ जेकब यांच्याशी त्यांचं लग्न झालं, आणि दोघांनी हिमालयात पिठोरागडला दवाखाना काढून सुमारे सोळा वर्षं काढली. तिथल्या डोंगरी लोकांची दगडमातीची घरं पाहून त्यांना उमगलं, की आपण कॉलेजात शिकलो त्यापेक्षा यांना अधिक कळतं. शिकवायला आलेला मिशनरी शिकायला बसला.

पुढे केरळात त्यांनी विटा कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवणाऱ्या भिंती बांधल्या. अशा भिंतीला सुमारे चौथाई विटा कमी लागतात आणि पोकळीमुळे ऊन आत येत नाही. खिडक्यांऐवजी विटांच्या जाळ्या ठेवल्या. तिरुवनंतपुरमजवळ पूंथुरा इथं सत्तरच्या दशकात कोळ्यांसाठी घरं बांधायची होती. सरळ रांगा न करता त्यांनी घरं एकमेकांपासून थोडी पुढे-मागे ठेवली, म्हणजे प्रत्येक घरापुढे लहानसं अंगण राहिलं आणि प्रत्येकाला समुद्राचा वारा मिळाला. गरिबाचं घर स्वस्त असावं, पण त्याला वारा आणि अंगणही असावं, हा त्यात आदर होता. 1990 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2007 साली, नव्वदाव्या वर्षी ते प्रभूकडे गेले.

आणखी एक गोष्ट. कोकणात आपण ज्याला मंगलोरी कौल म्हणतो, त्याचा पहिला कारखाना 1865 साली मंगळूरला बासेल मिशनच्या प्लेब्स्ट नावाच्या मिशनऱ्यानं काढला. ख्रिस्ती झाल्यावर ज्यांचं काम सुटलं, अशांच्या हातांना काम मिळावं हा मिशनच्या कारखान्यांचा एक हेतू होता. ते कौल मग जातपात न पाहता सगळ्यांच्या घरांवर चढलं. छपराची सेवा ही आपल्याला नवी नाही.

आता नव्या वसतिगृहाकडे येते. या वेळी मी नकाशा घेऊन पाड्यांवर गेले. कागद जमिनीवर पसरला आणि म्हटलं, तुमच्या मुली इथं राहणार, सांगा. सुरुवातीला कुणी बोलेना. मग एका आईनं विचारलं, "स्वयंपाकाची खोली मागे का लपवलीय?" दुसरी म्हणाली, जागेवर जो मोह आहे तो तोडू नका, त्याच्याखाली मुली बसतील. एक म्हणाली, रात्रीची एसटी चुकली तर आम्ही झोपायचं कुठं? कुणी रंग विचारला नाही, फरशी विचारली नाही. सगळ्यांचे प्रश्न एकच होते: आम्ही आलो तर कुठं बसायचं?

एका गोष्टीवर मात्र आमचा वाद झाला. मी उत्साहानं म्हटलं, या वेळी भिंत नको, निरगुडीचं कुंपण करू. तेव्हा आयाच म्हणाल्या, "नाय ताई, पोरी हायेत. भिंत पायजे." त्या बरोबर होत्या, मी चुकत होते. मुलींच्या रक्षणासाठी भिंत हवीच, नियमही तसाच आहे. मग आम्ही भिंतीची जागा बदलली. झोपायच्या खोल्या मधल्या चौकाभोवती, त्यांना पक्की भिंत आणि रात्री कुलूप. भिंतीच्या बाहेर, मोहाच्या सावलीत, रुंद कौलारू छपराखाली लांब ओटा. स्वयंपाकघराचं एक दार त्या ओट्यावर उघडणार. आईबाप येतील, पाय धुवायला नळ असेल, लेकीजवळ बसतील, जेवतील, उशीर झाला तर तिथल्या पाहुण्यांच्या खोलीत झोपतील. जमीन शहाबादी फरशीची, चिखलाच्या पायांना न घाबरवणारी.

या आईबापांविषयी एक गोष्ट लक्षात ठेवा. यांच्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस लागायच्या सुमाराला परततात. म्हणून तर मुलींना वसतिगृह लागतं. आपल्या शहरांतल्या भिंतींच्या विटा या लोकांनी थापल्या आहेत. कदाचित या देवालयाच्याही. ज्यांच्या हातच्या विटांनी आपली घरं उभी राहिली, त्यांना बसायला आपण एक ओटा देऊ शकत नाही का?

समितीपुढे अडचण आहे ती पैशाची. ओटा आणि पाहुण्यांची खोली घ्यायची, तर पुढच्या दर्शनी भागावरचा खर्च कमी करावा लागेल. कमान नाही, चकचकीत दगड नाही, देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या नाहीत. मला माहीत आहे, आपल्यापैकी काहींनी आईवडिलांच्या स्मरणार्थ दान दिलं आहे आणि पाटीची अपेक्षा केली आहे. ती भावना मी समजू शकते. माझे वडीलही याच देवालयाच्या आवारात निजले आहेत. तरी हात जोडून विनंती करते, त्या पाटीचे पैसे ओट्याला द्या. आपल्या आईच्या नावाचा दगड पाहण्यापेक्षा, तिच्या नावानं बांधलेल्या सावलीत एखादी आई लेकीची वेणी घालताना पाहणं तिला अधिक आवडेल.

दुसरी विनंती. ज्यांची घरकुलं ओट्यावाचून राहिली आहेत, अशा कुटुंबांची यादी आम्ही करत आहोत. चार खांब, थोडी कौलं आणि दगडमातीचा चौथरा, एवढंच लागतं. श्रम ते स्वतः करतील, शेजारी हात लावतील. एका कुटुंबानं एका ओट्याचा भार उचलावा. आणि ओटा झाला, की स्वतः जाऊन त्यावर बसून या. पाणी मिळेल, काळा चहा मिळेल. मनीऑर्डर पाठवून जे होत नाही, ते तिथं बसून होईल.

तिसरी विनंती आपल्या स्वतःसाठी. आज आराधना संपली की आपण गाड्या काढतो आणि निघतो. देवालयापुढचा जुना कट्टा गाड्यांना जागा हवी म्हणून आपणच काढला. तिथं पूर्वी म्हातारी माणसं आराधनेनंतर तासभर बसायची. त्यांतली काही आता आराधनेलाच येत नाहीत. का येत नाहीत, हे आपण विचारलं का? पाड्यावर ओटा बांधायला निघालेल्या मंडळीनं आपला कट्टा आधी पुन्हा बांधावा, असं मला वाटतं.

तो पावसात बसलेला बाप पुन्हा कधी वसतिगृहात आला नाही. त्याची धाकटी मुलगी आता पाचवीत जाईल. या जूनमध्ये तिला आपल्या नव्या वसतिगृहात घालायचं त्याच्या मनात आहे, असा निरोप आला आहे. तो येईल, तेव्हा पावसाळा असेल आणि त्याचे पाय चिखलाचे असतील. त्याला बसायला जागा असावी, एवढ्यासाठी आपण प्रार्थना करावी आणि हातही लावावा.

समितीची सभा पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी आहे. आपलं मत पाळक साहेबांकडे लेखी द्या. प्रभू आपणा सर्वांना आणि आपल्या घरादाराला आशीर्वादित करो. आमेन.